पन्नासावा दिवस

शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. पुण्यात धायरीच्या उंबऱ्या गणपती चौकात पाण्याचा टँकर वळायला बघतोय आणि त्याच्या मागे धायरी फाट्याच्या दिशेने गाड्यांची रांग लागली आहे. आम्ही दोघी पिठाच्या गिरणीशेजारच्या अरुंद जिन्याने वर चढतोय. ती पुढे, मी मागे. तिच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत निळी फाइल. कठड्यावर पिठाचा पांढरा थर बसलाय. तिचा हात त्यावरून जातो, ती तो ओढणीला पुसते आणि फाइल छातीशी धरते.

ती माझ्या शेजारच्या इमारतीत भाड्याच्या वन बीएचकेत राहते. मुलगी नववीत. माझ्याकडे रोज सहा पोळ्या येतात त्या तिच्या हातच्या. आमची ओळख तेवढीच होती. गुरुवारी डबा देताना ती दारातच म्हणाली, "ताई, माझी अपिलाची मुदत गेली." आणि जिन्यातच बसली. म्हणून आज आम्ही इथे आहोत.

वरच्या खोलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, भिंतीला कायद्याच्या जाड पुस्तकांची फळी. वकीलबाई पंचावन्नच्या आसपासच्या. आठवडाभर शिवाजीनगरला कोर्टात असतात, शनिवार-रविवार संध्याकाळी इथे बसतात. एका खुर्चीवर एक तरुण आधीच बसलाय, मांडीवर हेल्मेट. तो म्हणतो, "ताईंचं होऊ द्या आधी, मला घाई नाही."

"निकाल कधीचा?" वकीलबाई विचारतात.

"बारा डिसेंबरचा."

"मुदत गेली असं कोण म्हणालं?"

"नवऱ्याच्या आतेभावाचा फोन आला होता. म्हणाला, तीस दिवस असतात, संपले, आता दहा हजारांत भागवा."

वकीलबाई उठतात. भिंतीवर नवं कालनिर्णय टांगलंय, त्याच्याच मागे त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं अजून आहे. दोन्ही काढून त्या टेबलावर ठेवतात. "मोजा," त्या म्हणतात. "मी नाही. तुम्ही मोजा."

ती बोट ठेवते. तेरा डिसेंबर, एक. डिसेंबरचे एकोणीस होतात. मग नवं पान. बोट जानेवारीतून सरकतं, संक्रांतीवरून जातं, रथसप्तमीच्या चौकोनावर क्षणभर थांबतं. "या वर्षी मी वाण लुटलं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणते आणि पुढे मोजत राहते. एकतीस जानेवारीला आकडा येतो पन्नास.

"पन्नास," वकीलबाई म्हणतात. "आणि तुमच्याकडे आहेत नव्वद. बारा मार्चपर्यंत."

ती वर बघते. बराच वेळ काहीच बोलत नाही. मग विचारते, "नक्की?"

या तीस आणि नव्वदच्या घोळात किती बायकांनी आणि पुरुषांनीही हक्क सोडून दिला असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या आतेभावाने खोटं सांगितलं असंही नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा, त्याच्या कलम १९ मध्ये अपिलाला तीस दिवसच लिहिले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्येही आधी तीसच होते. २००२ मध्ये सावित्री पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपल्या देशातली अंतरं आणि लोकांची परिस्थिती बघता ही मुदत अपुरी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती नव्वद झाली. पण कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यातले तीस तसेच राहिले. मग कोणते धरायचे? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये शिवराम शेट्टी विरुद्ध शर्मिला शेट्टी या प्रकरणात सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालावर अपिलाला नव्वद दिवस. हे एवढं एक वाक्य या बाईच्या दारापर्यंत पोहोचलं नव्हतं. तीस दिवसांचं वाक्य मात्र फोनवरून बिनचूक पोहोचलं.

"नकलेसाठी जे दिवस गेले तेही मुदतीतून वगळतात," वकीलबाई सांगतात. "तुम्ही अठरा डिसेंबरला अर्ज दिला, दोन जानेवारीला नक्कल मिळाली. पण ते दिवस आपण हिशेबात धरायचे नाहीत. ते शिल्लक राहू द्यायचे."

फाइल उघडते. निकालपत्र एकतीस पानांचं. वकीलबाई शेवटचं पान आधी वाचतात, सगळे वकील तसंच वाचत असावेत. घटस्फोट मंजूर. पत्नीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी दरमहा १०,००० रुपये. मुलीला सज्ञान होईपर्यंत दरमहा ५,०००. मग त्या मागे येतात, एकेक पान, हातात शिसपेन्सिल. खोलीत फक्त खालच्या गिरणीची घरघर ऐकू येतेय. टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्यासाठी आणलाय, तो तसाच आहे.

"घरभाडं किती?"

"साडेअकरा."

"म्हणजे तुमची पोटगी भाड्यालाच पुरत नाही."

"नाही."

विसाव्या पानावर पेन्सिल थांबते. सामनेवाल्याचं उत्पन्न. निकालात लिहिलंय की त्याने मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र दिलं, निशाणी २१, आणि पगारपत्रक जोडलं. त्यावरून दरमहा ४२,००० रुपये पगार दिसतो. वकीलबाई फाइलमध्ये मागे-पुढे करतात. मग एक जुडगा बाहेर काढतात. बँकेचा खातेउतारा, चौदा महिन्यांचा. डोक्यावर कारकुनाच्या अक्षरात: निशाणी ४१.

"हा कोणी दिला होता?"

"मीच मागितला होता अर्ज करून. कोर्टाने त्यांना द्यायला लावला."

वकीलबाई पट्टी ठेवून ओळी वाचतात. पाच तारीख, ५८,३००. पाच तारीख, ६०,१००. पुन्हा ५८,३००. चौदा महिन्यांत बेचाळीस हजार एकदाही नाही. पगाराशेजारी कंपनीकडूनच येणारी दुसरी रक्कम, दर महिन्याला. एकतीस पानांच्या निकालात निशाणी ४१ चा उल्लेख कुठेच नाही. युक्तिवादात तो कागद कोणी दाखवला नाही की पुढे आला आणि नजरेतून सुटला, हे या खोलीत बसून कळणार नाही. पण तो रेकॉर्डला आहे. ते सगळ्यात महत्त्वाचं.

"हा आपला पहिला मुद्दा," त्या म्हणतात आणि त्या ओळीखाली रेघ ओढतात.

आता तिला धीर येतो आणि ती बोलायला लागते. लग्नातली गोष्ट, सासूबाईंनी काय केलं, बाळंतपणात माहेरी कसं पाठवलं, दागिने कोणाच्या कपाटात आहेत. चौदा वर्षांचं सगळं एकदम बाहेर येतं. वकीलबाई ऐकतात, मध्ये तोडत नाहीत. मग म्हणतात, "हे सगळं खरं आहे, मला पटतंय. पण उच्च न्यायालयात तुम्हाला हे सांगायला मिळणार नाही. तिथे साक्ष नाही, उलटतपास नाही. खाली जे कागद निशाणीला लागले आणि जे तुम्ही साक्षीत बोललात, तेवढ्यावर दोन न्यायाधीश बघणार, की खालच्या कोर्टाचा हिशेब कुठे चुकला."

ती मोबाइल काढते. त्यात एका नव्या गाडीचा फोटो, कुणाच्या तरी स्टेटसवरून घेतलेला. गाडीला हार घातलाय.

"कधीची?"

"दिवाळीतली."

"म्हणजे निकालाच्या आधीची. तेव्हा का नाही दिला फोटो?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग तसं शपथेवर लिहावं लागेल. अपिलात नवा पुरावा सहज येत नाही. प्रयत्न करूनही आधी मिळाला नव्हता, हे पटवावं लागतं. बघू. गाडीवर आपलं अपील उभं करायचं नाही. खातेउताऱ्यावर करायचं."

मला इथे एक गोष्ट ठासून लिहावीशी वाटते. अपील म्हटलं की आपल्या मनात येतं, वरच्या कोर्टात आपली कैफियत पहिल्यापासून नव्याने ऐकली जाईल. तसं होत नाही. पोटगीचा आकडा वाढतो किंवा कमी होतो तो खालच्या कोर्टात वेळेवर दिलेल्या कागदांच्या जोरावर. ज्या दिवशी ही बाई तारखेला एकटी उभी राहून खातेउतारा मागवण्याचा अर्ज देत होती, त्याच दिवशी तिचं अपील अर्धं तयार झालं होतं. तिला ते तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मालमत्ता आणि देणी यांची ही शपथपत्रं सक्तीची झाली त्यामागे आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात पत्नीने २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. २४ ऑगस्ट २०१५ ला न्यायालयाने अंतरिम पोटगी ठरवली: पत्नीला दरमहा १५,०००, मुलाला आधी ५,००० आणि त्या सप्टेंबरपासून १०,०००. नवरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये तिथे हरला, मग दिल्लीला गेला. राजनेश विरुद्ध नेहा या नावाने तो निकाल ४ नोव्हेंबर २०२० ला लागला. रक्कम कायम राहिली. पण अंतरिम पोटगी, म्हणजे खटला चालेपर्यंत पोट भरायचे पैसे, त्यावरच सात वर्षं गेली होती! सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालातच देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. आज धायरीतल्या या टेबलावर निशाणी २१ आहे ती त्या नागपूरच्या बाईमुळे.

"आता तुमचं शपथपत्र," वकीलबाई म्हणतात. "उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

ती गप्प. मग हळू आवाजात, "निरंक."

"आणि पोळ्या?"

"त्या धंदा थोडाच आहेत, मॅडम."

"रोज किती?"

"साठ. आठ रुपयाला एक."

वकीलबाई पॅड पुढे ओढतात. "लिहूया. चारशे ऐंशी. पीठ, तेल, गॅस?"

"एकशे ऐंशी तरी जातात."

"राहिले तीनशे. महिन्याचे किती दिवस?"

"पंचवीस."

"साडेसात हजार." पेन्सिल खाली ठेवतात. "हे लपवलंत आणि समोरच्याने दाखवलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या ठरतील. साडेसात हजार कमावणाऱ्या बाईची पोटगी बंद होत नाही. पण निरंक लिहिणारीवर विश्वास बसत नाही."

तिचे डोळे भरतात. मला वाटतं, रागाने नाही. पोळ्यांचा हिशेब असा कागदावर पहिल्यांदाच आलाय म्हणून असेल. पहाटे साडेचारला उठून ती कणीक मळते, हे मी माझ्या खिडकीतून रोज बघते. तिच्याकडे एक वही आहे. पिशवीतून ती आता बाहेर येते: शाळेची दोनशेपानी, कोपरे मुडपलेले. टँकरचे पैसे, मुलीची बस, जार. गेल्या वर्षीच्या गिया-बारे सिंड्रोमच्या (जीबीएस) साथीनंतर या भागात पिण्याच्या पाण्याचा जार हा घरखर्चातला कायमचा रकाना झालाय. मुलीचा चष्मा. दळण. एकही महिना सुटलेला नाही. वकीलबाई पानं उलटतात आणि म्हणतात, "ही वही तुम्ही कोर्टात दिली होती?"

"नाही. ही काय द्यायची."

वकीलबाई काही बोलत नाहीत. वही मिटून तिच्या हातात देतात.

निकालाच्या सव्विसाव्या पानावर एक वाक्य आहे: अर्जदार पदवीधर असून कमावण्यास सक्षम आहे. रक्कम कमी ठेवण्याचं ते एक कारण. सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बन्ना या प्रकरणात स्पष्ट केलंय की कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ वर्षांपूर्वीची बी.कॉम.ची पदवी घेऊन आज कोण दारात उभं करतं? तो दुसरा मुद्दा.

"आणि हे ऐकून ठेवा," वकीलबाई सांगतात. "तुम्ही वाढवून मागायला गेलात की तेही कमी करून मागू शकतात. नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात उलट हरकत घेता येते. भ्यायचं नाही, पण तयारी ठेवायची. आणि आत्ता मिळतात ते पंधरा हजार घेत राहायचे. घेतले म्हणून निकाल मान्य केला असं होत नाही. तसं लिहून ठेवू."

हेल्मेटवाला तरुण खुर्ची पुढे सरकवतो. त्याला वाटलं असावं, आपली पाळी आली. तो व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर होता, इथल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये. धायरी-नऱ्ह्याच्या गल्ल्यांमध्ये अशी शेकडो शेडं आहेत. त्याचं सहा महिन्यांपूर्वी बंद झालं. आता तो घरोघरी जेवण पोहोचवतो. बायको आणि मुलाला मिळून आठ हजारांचा हुकूम, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. पाच महिने थकलेत.

"मॅडम, मला पण अपील करायचंय. अपील टाकलं की पैसे थांबतात ना?"

"नाही थांबत," त्या लगेच सांगतात. "अपील वेगळं, स्टे वेगळा. स्टे मागावा लागतो आणि बहुतेक वेळा थकबाकीतला मोठा भाग आधी भरायला लावतात. शिवाय तुमच्या हुकुमावर अपील नाहीच, फेरतपासणी आहे. पण तुम्हाला तीही नको. हुकूम झाला तेव्हा तुम्हाला नोकरी होती?"

"होती."

"मग हुकूम चुकला नाही, परिस्थिती बदलली. त्यासाठी त्याच कोर्टात रक्कम बदलून मागायचा अर्ज करायचा. आधी कलम १२७ होतं, नव्या संहितेत १४६. वर्कशॉप बंद झाल्याचं काहीतरी कागदी आणा, आत्ताची कमाई दाखवा. खोटी कमी नको. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून बायको-मुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात सांगितलंय."

"मी नाही म्हणतच नाही. पोरगा माझाच आहे." तो हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळतोय. "पण आठ जमत नाहीत."

"मग जेवढे जमतात तेवढे आजपासून द्या. रोख नको, खात्यावर. चाळीस हजार थकलेत म्हणून काहीच न देता बसून राहिलात तर वॉरंट निघतं, महिनाभरापर्यंत आत जावं लागतं, आणि बाहेर आल्यावरही ते चाळीस हजार जागेवरच असतात."

तो मान हलवतो. माझ्या शेजारची ही बाई त्याच्याकडे बघतेय. दोघं समोरासमोरच्या बाजूंचे, पण तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही. "पाचशे पाठवले तरी त्या बाईला आधार वाटतो," ती त्याला म्हणते. "तारीख ठरवून पाठवा मात्र, दादा."

जाता जाता वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, ते वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी नेमकं कामाला येईल म्हणून लिहिते. परस्परसंमतीने घटस्फोट घेतला असेल तर संमतीने झालेल्या त्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे अपीलच चालत नाही. एकदाचं सुटू दे म्हणून जिथे सांगतील तिथे सही करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सुटकेची घाई समजते. पण आकडा त्या सहीच्या आधी तपासायचा असतो, नंतर नाही.

आता मुंबईचा प्रश्न. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे गेले. पुणे नाही. पुण्याचं अपील आजही फोर्टातल्या इमारतीत. "सव्वासातच्या डेक्कन क्वीनने गेलं तर साडेदहापर्यंत पोहोचता," वकीलबाई तिला सांगतात. "प्रत्येक तारखेला तुम्ही यायची गरज नाही."

"पोळ्यांचा खाडा होतो," ती म्हणते. आणि मग विचारायचं ते विचारते, "खर्च?"

वकीलबाई बोटं मोजून सांगतात. महाराष्ट्रात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात बाईला कोर्ट फी माफ आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या त्या कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही, कमावती असली तरी मोफत वकील मागता येतो. उच्च न्यायालयातही विधी सेवा समिती आहे. अर्ज शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातून पुढे पाठवता येतो. ती "उत्पन्नाची अट नाही" हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते.

मग कामांची यादी. निशाणी २१ आणि ४१ यांच्या सही-शिक्क्याच्या नकला. रोजनाम्याची नक्कल, म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं ते दिसेल. मुलीच्या शाळेच्या पावत्या. भाडेकरार. पोळ्या घेणाऱ्या घरांची नावं, स्वतःहून.

"माझं नाव लिही," मी सांगते.

आम्ही खाली उतरतो. गिरणी अजून चालू आहे. ती सकाळी ठेवलेला पाच किलोचा डबा उचलते, गिरणीवाल्याला पैसे देते आणि तिथेच, वजनकाट्यावर वही टेकवून, आजचा खर्च लिहिते: दळण, रिक्षा, वकील मॅडम ५००. पीठ अजून गरम आहे. डबा मी घेते, फाइल तिच्याकडेच राहते. टँकर गेलाय, चौक मोकळा झालाय.

सोमवारी सकाळी पोळ्या आटोपून ती स्वारगेटपर्यंत बसने आणि तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरणार आहे. नकलेच्या अर्जाचा कागद वकीलबाईंनी लिहून दिलाय, सही तेवढी करायची. तो बावन्नावा दिवस असेल.